उघड्या पाठीचा कोट

मी एक जुना कोट आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. एके काळी मी टीव्हीवर होतो. दर शनिवारी संध्याकाळी घराघरांतली माणसं हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत बसायची. आता ती माझ्याकडे बघायची की माझ्या आत उभं राहून गाणाऱ्याकडे, हा वादाचा मुद्दा आहे. माझं मत मी माझ्याजवळच ठेवतो.

माझा रंग गडद निळा. अंगभर रुपेरी टिकल्या, गळ्याला मखमली पट्टी आणि पुढे चार मोठी बटणं. माझा जन्म एका स्टुडिओच्या शिवणखोलीत झाला. 'घरोघरचा गळा' नावाची गाण्याची स्पर्धा टीव्हीवर सुरू व्हायची होती. पहिलंच पर्व. चालेल की आपटेल, कुणालाच खात्री नव्हती. मंचाचा मोठा पडदा शिवून थोडं कापड उरलं होतं, त्यातून मला शिवलं. म्हणजे पडदा माझा थोरला भाऊ. त्याला वाटायचं, कार्यक्रम त्याच्यामुळेच सुरू होतो. भाऊ म्हटला की असं चालायचंच.

कल्पना दिग्दर्शकबाईंची. या बाई ठेंगण्या, पण तोंडाचा पट्टा सुरू झाला की उंच माणसंसुद्धा खाली बघायची. त्या म्हणाल्या, "ज्याची गायची पाळी, त्याच्या अंगावर हा एकच कोट. बाई असो, पुरुष असो. हीच आपल्या कार्यक्रमाची ओळख!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसं निरनिराळ्या मापांची असतात, ही गोष्ट त्या खोलीत एकालाही आठवली नाही.

मला शिवलं ते शिंपीकाकांनी. माप घेतलं कोपऱ्यातल्या लाकडी पुतळ्याचं. पुतळा कसा, ताठ मानेचा, सरळ खांद्यांचा, पोट औषधालाही नाही. त्याच्या अंगावर मी असा काही बसलो की शिंपीकाका दोन पावलं मागे सरून म्हणाले, "व्वा! नजर लागेल रे कुणाची तरी." लागलीच.

पहिल्या भागात मला एका पोस्टमननं घातलं. माणूस इतका काटकुळा, की त्याच्यापेक्षा माझा हँगर अंगानं भरलेला होता. शिंपीकाकांनी माझी पाठ गोळा करून मागच्या बाजूला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. पुढून मी पुन्हा झोकदार दिसू लागलो. त्यानंतर एका नर्सबाईंनी घातलं, तेव्हा दोन चिमटे कमी लागले. मग ड्रायव्हरकाका आले.

हे शहरातली बस चालवायचे. मनानं मोठे आणि देहानंही. त्यांचा एक हात माझ्यात गेला आणि बाकीचे ड्रायव्हरकाका बाहेरच राहिले. बाहेरून निरोपावर निरोप येत होते, "पाठवा, लवकर पाठवा!" माझ्या जोडीचं कापड आता मिळणार नव्हतं, कारण उरलेलं सगळं माझ्यातच संपलं होतं. शिंपीकाकांनी डोळे मिटले, कात्री घेतली आणि मानेपासून खालच्या काठापर्यंत माझी पाठ उभी फाडली. मित्रांनो, त्या आवाजाची आठवण झाली की अजून माझ्या टिकल्या शहारतात. मग दोन्ही काठांना भोकं पाडून त्यांतून बुटाची लांब नाडी ओवली. काटकुळा आला की नाडी आवळायची, जाडा आला की सैल सोडायची. ड्रायव्हरकाकांच्या वेळी ती इतकी सैल सुटायची, की दोन काठांच्या मधून त्यांचं बनियन वीतभर दिसायचं. पुढून सरदार आणि मागून भणंग, अशी माझी गत झाली.

त्या दिवशी स्टुडिओत नवा नियम निघाला. कोट अंगावर असताना कुणीही, काहीही झालं तरी, लोकांना पाठ दाखवायची नाही. गाणं संपलं की हात जोडायचे आणि उलट्या पावलांनी चालत आत जायचं. पोस्टमन असा उलटा चालत थेट ढोलावर जाऊन बसला. वादक ओरडला, ढोल वाजला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, 'किती ही विनम्रता! नवे गायक रसिकांना पाठही दाखवत नाहीत!' दिग्दर्शकबाईंनी ते कात्रण भिंतीला लावलं. शिंपीकाका त्याच्याकडे बघायचे आणि हळूच सुईत दोरा ओवायला लागायचे.

आता ड्रायव्हरकाकांविषयी सांगतो, कारण माझी गोष्ट म्हणजे त्यांचीच गोष्ट.

हे गृहस्थ बस चालवताना गायचे. मागे प्रवासी खचाखच, कुणी भांडतंय, कुणी हसतंय, कुणाचं पोर रडतंय, आणि पुढे हे रस्त्यावर नजर ठेवून मोकळ्या गळ्यानं गाताहेत. लोक म्हणे आपला स्टॉप सोडून पुढे जायचे. पण घरी मात्र एक ओळ नाही. तोंड उघडलं की खोकला. त्यांची समजूत अशी, की त्यांचा सूर इंजिनाच्या घरघरीतून येतो, आणि घरात कुठलं आलंय इंजिन?

यात गंमत होती आणि थोडं दुःखही होतं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, नवऱ्याचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. काकूंना बस लागायची. नुसती लांबून दिसली तरी पोटात ढवळायचं. त्यामुळे त्या बसमध्ये कधी बसल्या नाहीत. बाजारात गेल्या की परकी माणसं त्यांना थांबवून सांगायची, "तुमचे मिस्टर काय गातात हो! अंगावर काटा येतो." काकू म्हणायच्या, "माझे मिस्टर? दुसरे कुणी असतील." साऱ्या गावाला वाटलेलं सुख आपल्याच ताटात पडू नये, हे त्यांना फार लागायचं. तसं त्यांनी माझ्यासमोर, नाडी बांधायचं काम चाललेलं असताना, शिंपीकाकांना बोलून दाखवलं होतं. म्हणून तर नवऱ्याला न विचारता त्यांनीच त्याचं नाव स्पर्धेत घातलं.

निवड कशी झाली तेही ऐका. काकांना ज्या खोलीत पाठवलं तिथं एक टेबल आणि तीन रिकाम्या खुर्च्या होत्या. ते टेबलाकडे तोंड करून वाट बघत उभे राहिले. परीक्षक येईपर्यंत जरा गळा साफ करावा म्हणून गाऊ लागले. परीक्षक होते त्यांच्या मागे, खिडकीपाशी चहा पीत. गाणं संपलं तेव्हा तिघांचा चहा गार झाला होता. मुख्य परीक्षक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, ते म्हणाले, "तुमची निवड झाली." काका दचकून वळले आणि म्हणाले, "पण मी अजून सुरुवात कुठं केलीय?"

मात्र स्टुडिओत माझ्यात शिरून लोकांसमोर उभे राहिले, की सगळं बिघडायचं. कोटाला आतून सगळं कळतं, मित्रांनो. छातीची धडधड मला माझ्या अस्तरात जाणवायची. आवाज पोटातून निघायचा, तिसऱ्या बटणापर्यंत यायचा आणि तिथंच अडायचा. पुढे यायचा तो नुसता त्याचा धाकटा भाऊ. गुरुजी मान हलवून म्हणायचे, "आवाज आहे हो. पण आत कुठंतरी दार लावलंय."

कार्यक्रम झाला की काकू कपड्यांच्या खोलीत यायच्या. काका विचारायचे, "कसं झालं?"

"बरं झालं," काकू म्हणायच्या. "पण लोक सांगतात ते हे नव्हे."

"हेच असेल गं. लोक काय, वाढवून सांगतात."

"एवढी माणसं एकच खोटं कशी बोलतील?"

काका शिंपीकाकांकडे पाठ करायचे. त्या खोलीत मग नुसता नाडी सोडल्याचा आवाज यायचा.

दिग्दर्शकबाईंनी उपाय केले. एकदा मंचावर खरंखुरं स्टिअरिंग आणून बसवलं. एका वादकाला तोंडानं इंजिनाचा आवाज काढायला सांगितलं. काकांनी जरा सूर धरला, इतक्यात समोरून कॅमेऱ्याची गाडी सरकत आली आणि यांनी सवयीनं जोरात ब्रेकवर पाय मारला. तिथं ब्रेक नव्हता. काका स्टिअरिंगसकट पुढे गेले, माझं एक बटण तुटून गुरुजींच्या पाण्याच्या पेल्यात पडलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "हे गाण्यात होतं का?"

एवढं होऊनही काका दर आठवड्याला टिकत होते. घरी बसलेल्या प्रेक्षकांची मतं मोजली जायची, आणि काकांच्या बसचे जुने प्रवासी त्यांना मतं द्यायला कंबर कसून बसले होते. त्यांना खरा आवाज ठाऊक होता. इकडे ज्यांचं गाणं काकांपेक्षा बरं व्हायचं ते एकेक गळत गेले. पोस्टमनचा घसा बसला. एक दातांचे डॉक्टर शब्द विसरले आणि दुसऱ्याच गाण्यात जाऊन अडकले. असं करता करता अंतिम फेरीत चौघं उरले, त्यांत एक नर्सबाई आणि एक आपले ड्रायव्हरकाका.

अंतिम फेरी थेट दाखवायची होती. चुकलं तर पुन्हा करायची सोय नाही. शिंपीकाका माझी नाडी ओवत होते, तेव्हा काकू आत आल्या. नेहमीसारख्या बोलल्या नाहीत. नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "बक्षीस नाही मिळालं तरी चालेल. पण आज मला ते ऐकवा. उद्यापासून तुम्ही परत बसवर आणि मी घरात. आज राहिलं ते कायमचं राहिलं."

"प्रयत्न करतो," काका म्हणाले.

"प्रयत्न नको. गाणं हवं."

काकांनी मान डोलवली. माझ्या अस्तराला मात्र कळलं, की आवाज आजही तिसऱ्या बटणाशीच अडणार.

काका मंचावर आले. काकू अगदी समोर, पहिल्या रांगेत, खुर्चीच्या काठावर पुढे सरकून बसलेल्या. वादकांनी सुरुवात केली. गाणं एका नावाड्याचं होतं, घर सोडून लांब गेलेल्या. सुरुवातीचं वाजवणं संपलं, गायची जागा आली आणि गेली. वादकांनी तेच पुन्हा वाजवलं. पुन्हा जागा आली, पुन्हा गेली. काकांच्या छातीत नुसता कल्लोळ. त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं. काकू श्वास रोखून बसल्या होत्या, इतक्या आशेनं, की ते बघणंच या माणसाला सोसवेना. त्यांनी मान खाली घातली, वळले आणि सरळ आत चालू लागले.

वळले, मित्रांनो! सरळ पावलांनी! म्हणजे माझी पाठ, माझी फाडलेली, नाडीनं बांधलेली, जिच्यासाठी इतके दिवस सगळे उलटे चालले ती पाठ, भर सभेत, थेट प्रक्षेपणात, लख्ख उजेडात उघडी पडली. मधोमध बनियन, आणि बनियनवर निळीचा मोठा डाग. मग जो हशा पिकला तो काही विचारू नका. लोक खुर्च्यांवर आडवे झाले. गुरुजींनी तोंडावर रुमाल धरला, पण त्यांचे खांदे हलत होते. धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं वाटलं. दुभंगलेला मीच होतो, तो भाग निराळा.

आणि काका थांबले.

मंचाच्या टोकाशी, लोकांकडे पाठ करून, समोरच्या निळ्या भिंतीकडे बघत थांबले. मागे माणसं हसत होती, बोलत होती, एकमेकांना ढोसत होती. कुणाचं तरी पोर भोकाड पसरून रडत होतं. मला आतून जाणवलं, छातीची धडधड हळूहळू खाली बसत चाललीय. खांदे सैल झाले. हा गोंगाट त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. सगळं आयुष्य त्यांनी तो पाठीवर घेऊनच काढलं होतं. वादकांनी चुकून की देवाच्या दयेनं कोण जाणे, पण वाजवणं सोडलं नव्हतं. गायची जागा तिसऱ्यांदा आली आणि काकांनी ती घेतली.

तिसरं बटण ओलांडून आवाज गेला. अहो, गेला म्हणजे काय, माझ्या शिवणी थरथरल्या! इतके दिवस मी ज्याला आवाज समजत होतो ती नुसती पावती होती, माल आत्ता आला. हशा कधी विरला ते कळलंही नाही. रडणारं पोर गप्प झालं. माझा पहिल्यापासून समज होता, की लोक मला बघायला येतात. त्या घटकेला मला पहिल्यांदाच वाटलं, की आपण नुसतं कापड आहोत आणि त्यात काही वाईट नाही.

दिग्दर्शकबाई मात्र कॅमेरावाल्यांच्या कानातल्या यंत्रात किंचाळत होत्या, "पाठ दाखवू नका! कुठंतरी दुसरीकडे न्या कॅमेरा!" पण न्यायचा कुठं? सगळे कॅमेरे लोकांच्या बाजूला. त्यामुळे त्या शनिवारी साऱ्या जनतेनं एक नाडी, एक बनियन आणि एक निळीचा डाग बघत बघत ते गाणं ऐकलं. शेवटच्या ओळीला काकांनी असा दम घेतला, की माझी नाडी ताडकन तुटली आणि मी खिडकीच्या दोन दारांसारखा उघडलो. कुणीही हसलं नाही.

टाळ्या थांबेचनात. निवेदिका धावत काकूंकडे गेली आणि ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "काकू, कसं वाटलं?"

काकूंनी आधी नाक पुसलं. मग म्हणाल्या, "ऐकलं बाई एकदाचं. लोक खरं बोलत होते." आणि पाठोपाठ म्हणाल्या, "पण गाताना ह्यांचा चेहरा कसा होतो, ते काही दिसलं नाही."

लोक पुन्हा हसले. त्यांना तो विनोद वाटला. काकू हसल्या नाहीत.

अंतिम फेरीचा निकाल मात्र परीक्षकांच्या हाती होता. पहिला नंबर नर्सबाईंचा आला आणि तो रास्तच होता. आमचे काका चौघांत चौथे. गुरुजी म्हणाले, "गायकानं रसिकांसमोर उभं राहून गायला हवं. नियम म्हणजे नियम." आणि मग उठून त्यांनी काकांना मिठी मारली. मी तेव्हा नर्सबाईंच्या खांद्यांवर नुसता टाकलेला होतो, कारण घालायला आता काही उरलंच नव्हतं.

कार्यक्रम गाजला. दुसऱ्या पर्वाला प्रत्येकाला मापाचा वेगळा कोट आला. मला अडगळीच्या खोलीत टाकलं. तिथं कुणी माझ्यानं कॅमेऱ्याची चाकं पुसली, कुणी माझ्यावर डबा ठेवला. टिकल्या गळाल्या, मखमलीला कसर लागली. ज्यानं टाळ्या पाहिल्या आहेत त्याला अडगळ फार लागते, मित्रांनो. भाऊ पडदा तेवढा रोज उघडझाप करत होता. शेवटी शिंपीकाकांनी मला झटकलं, पिशवीत घातलं आणि काकूंच्या हाती नेऊन दिलं.

काकूंनी माझ्या पाठीला जुन्या फुलाफुलांच्या चादरीचा तुकडा लावला. निळ्यावर पिवळी फुलं. सुरुवातीला मला लाज वाटली. आता मी म्हणतो, निदान पाठ तरी आहे. आता माझी जागा खिडकीशेजारच्या खुंटीवर.

कामावरून आले की काका त्या खिडकीकडे तोंड करून बसतात आणि गातात. काकू मागे भाजी निवडत बसतात. दोघांनाही आता युक्ती कळली आहे. समोर यायचं नाही, बसमध्ये बसल्यासारखं मागे बसायचं आणि अधूनमधून थोडा आवाज करायचा. एकदा गाता गाता अंधारून आलं, तसा काकूंनी दिवा लावला आणि पुन्हा मागे येऊन बसल्या. थोड्या वेळानं त्यांचा भाजी निवडणारा हात थांबला. मी पाहिलं, त्या खिडकीच्या काचेकडे बघत होत्या. बाहेर काळोख, आत दिवा, आणि काचेत काकांचा चेहरा स्वच्छ उमटला होता. भुवया वर गेलेल्या, ओठांचा एक कोपरा जरासा वाकडा आणि डोळ्यांत असा आनंद, की जणू रस्ता मोकळा आहे आणि घर जवळ आलंय. मंचावर भिंतीकडे वळले तेव्हा तो चेहरा मी एकट्यानं पाहिला होता, गळ्याच्या पट्टीवरून, खालून. बोलता आलं असतं तर त्या माउलीला तेव्हाच सांगितलं असतं. काकूंनी ओठावर पदर दाबला आणि हूं की चूं केलं नाही.

तेव्हापासून त्या ती काच रोज पुसतात. परवा काका म्हणाले, "अगं, घरात इतक्या काचा आहेत, हिलाच एवढं का घासतेस?"

"धूळ फार बसते हो हिच्यावर," काकू म्हणाल्या.

तर मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. घरातले जुने कपडे बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. त्यांना अधूनमधून ऊन दाखवा, कसर झटका, फाटलं तर ठिगळ लावा, अगदी फुलाफुलांचं असलं तरी चालेल. आणि आमचे ड्रायव्हरकाका कुठं भेटलेच, तर त्यांचं गाणं खुशाल मागे बसून ऐका. फक्त त्या काचेचं त्यांना सांगू नका.